एफआरसी टीमचा कोड: सीझन चालू असताना खुला करावा, सीझननंतर, की बंदच ठेवावा?

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन (एफआरसी) या शालेय रोबोट स्पर्धेत हा निर्णय घेण्याआधी एक नियम नीट वाचा. किकऑफच्या (जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो त्या दिवसाच्या) आधी लिहिलेला कोड नव्या रोबोटवर चालवायचा, तर तो किकऑफपूर्वीच सार्वजनिक केलेला हवा. स्वतःच्या टीमचा जुना कोडही याला अपवाद नाही. कोड बंद ठेवला, तर मागच्या वर्षीच्या स्वर्व्ह ड्राइव्हचा (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळवणाऱ्या यंत्रणेचा) कोड जानेवारीत पुन्हा लिहायला बसावं लागतं. त्यामुळे तिसरा पर्याय आमच्या मते बादच.

सीझननंतर कोड देण्याची टीम 254 ची पद्धत जुनी आहे. मैदानावर तावूनसुलाखून निघालेला कोड लोकांना मिळतो. धोका वेगळाच असतो: बारावीची मुलं मे-जूनमध्ये शाळा सोडतात आणि रीडमी (कोड कसा वापरायचा ते सांगणारी फाइल) लिहायला कोणी उरत नाही. ती जबाबदारी मार्चमध्येच एकाच्या नावावर टाका.

टीम 6328 बांधणी चालू असतानाच आपलं काम उघड करते. यात प्रतिस्पर्ध्याला फायदा होईल ही भीती वाजवीपेक्षा मोठी आहे. सामने थेट दिसतात, त्यामुळे तुमचा ऑटो (सामन्याच्या सुरुवातीला रोबोट आपोआप चालतो तो भाग) पहिल्या सामन्यानंतर सगळ्यांना कळतोच. शिवाय तीन-तीन रोबोटच्या अलायन्समध्ये सकाळचा प्रतिस्पर्धी दुपारी जोडीदार असतो. तरीही मार्ग लपवायचे असतील, तर पाथप्लॅनरच्या (रोबोटचे मार्ग आखणाऱ्या साधनाच्या) फाइल्स वेगळ्या खाजगी रेपोत (कोडच्या साठ्यात) ठेवा. सार्वजनिक रेपोत खाजगी ब्रांच करता येत नाही.

कोड उचलणाऱ्याचं घोडं बहुतेक वेळा आकड्यांवर अडतं. एनकोडरचे (चाकाचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचे) ऑफसेट, म्हणजे शून्य कोन ठरवणारे आकडे, प्रत्येक रोबोटचे निराळे. तसेच उचलले तर चाकं चार दिशांना तोंड करतात आणि एकमेकांशी झगडतात. गिअर गुणोत्तर 6.75 लिहिलेलं आणि प्रत्यक्षात 6.12 चं चाकाचं मॉड्यूल असेल, तर 3 मीटरच्या ऑटोत रोबोट सुमारे 3.3 मीटर जातो. म्हणून कॅन आयडी (मोटर, सेन्सर यांचे क्रमांक), ऑफसेट, गुणोत्तरं एकाच कॉन्स्टंट्स फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येकापुढे एकक लिहा.

लायसन्सची फाइल विसरू नका. ती नसेल तर कोड दिसतो, पण वापरायची परवानगी मिळत नाही. एफआरसी रोबोटसाठीच्या डब्ल्यूपीआयलिब या कोड-लायब्ररीचं लायसन्स बीएसडी आहे. तुम्ही एमआयटी घेतलंत तरी चालेल. एपीआय की (एखाद्या ऑनलाइन सेवेची गुप्त किल्ली) चुकून कमिट झाली, म्हणजे रेपोत नोंदली गेली, तर फाइल पुसून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती राहते. की रद्दच करा. शेवटी दुसऱ्या लॅपटॉपवर रेपो नव्याने क्लोन करून (पूर्ण प्रत उतरवून) बिल्ड होतो का ते पाहा, आणि मगच दुवा इतरांना द्या.