केडम्प आणि 'क्रॅश': स्ट्राइप डिस्कवर कोसळलेल्या लिनक्सचा पंचनामा

अंधेरी-गोरेगावकडच्या एडिटिंग स्टुडिओंत एका ठराविक जातीचं मशीन असतं. दोन किंवा चार डिस्क, लिनक्सच्या एमडी ड्रायव्हरने (अनेक डिस्क एकत्र जोडणारा भाग) रेड-० मध्ये, म्हणजे डेटाचे तुकडे सगळ्या डिस्कवर वाटून पण दुसरी प्रत न ठेवता, जोडलेल्या (यालाच स्ट्राइप म्हणतात), आणि त्यावर फुटेजचं तात्पुरतं काम. असं मशीन रेंडर चालू असताना गोठलं की सल्ला ठरलेला: फॉरमॅट मार, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून नवी डिस्क आण. दोन्हीत पुरावा पुसला जातो. तो राखायची सोय म्हणजे केडम्प. २००५ पासून मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, फुकट आहे, तरी बहुतेक मशीनवर बंदच पडलेला असतो.

कल्पना साधी आहे. बूट होतानाच थोडी रॅम बाजूला राखून तिथे दुसरा छोटा कर्नल ठेवायचा. पहिला कोसळला की बायॉसकडे न जाता थेट हा दुसरा उठतो, पहिल्याची रॅम जशी होती तशी वाचतो आणि फाइलमध्ये उतरवतो. ती फाइल उघडायचं हत्यार म्हणजे 'क्रॅश'.

बसवणं दहा मिनिटांचं काम. उबंटूवर 'लिनक्स-क्रॅशडम्प', डेबियनवर 'केडम्प-टूल्स', रेड हॅटच्या घराण्यात 'केएक्सेक-टूल्स' (नव्या आवृत्त्यांत 'केडम्प-युटिल्स'). मग बूटच्या ओळीत 'क्रॅशकर्नल', म्हणजे किती रॅम राखायची, ते लिहायचं आणि रीबूट. खरी गोम या आकड्यात आहे. साध्या साटा डिस्कना २५६ एमबी सहसा पुरतात. सॅस कार्ड (सर्व्हरच्या धाटणीच्या डिस्क जोडणारं) असेल तर त्याचा ड्रायव्हरच बरीच रॅम खातो, दुसरा कर्नल उपाशी मरतो आणि डम्प फोल्डर रिकामं राहतं. तिथे ५१२ ठेवा. चाचणी घेतल्याशिवाय मात्र विश्वास ठेवू नका: सगळ्या फाइल बंद करा, 'सिंक' द्या (राहिलेलं लेखन डिस्कवर उतरतं) आणि सिस्आरक्यू-ट्रिगर या कर्नलला थेट हुकूम देणाऱ्या फाइलमध्ये 'सी' हे अक्षर लिहा. मशीन मुद्दाम पडेल. पुन्हा उठल्यावर डम्प सापडला तर बसवणं जमलं.

आता या जोडीचा सगळ्यात मोठा दोष, आणि तो आपणच ओढवून घेतो. डम्प ठरलेल्या जागी, म्हणजे व्हार-क्रॅशमध्ये जातो. रूट, म्हणजे मूळ फाइलसिस्टिमच, स्ट्राइपवर असेल तर दुसऱ्या कर्नलला आधी तोच डिस्कचा संच, म्हणजे अ‍ॅरे जोडावा लागतो. एक डिस्क गप्प झाल्यामुळे क्रॅश झाला असेल तर अ‍ॅरे जुळत नाही आणि डम्प लिहायला जागाच उरत नाही. घराला आग लागली आणि विम्याची कागदपत्रं त्याच घरात, अशी गत. डम्प वेगळ्या छोट्या एसएसडीवर किंवा एसएसएचने ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवर पाठवा. डम्प छाटून लिहिणाऱ्या 'मेकडम्पफाइल'ची गाळणी ३१ वर ठेवली की शून्य पानं, कॅश, वापरकर्त्याचा डेटा आणि मोकळी पानं वगळली जातात, त्यामुळे फाइल पूर्ण रॅमएवढी फुगत नाही. क्लायंटचं फुटेज बाहेरच्या माणसाला दाखवायचं नसेल तरी ३१ च बरा.

'क्रॅश' उघडल्यावर सगळे 'बीटी'वर (बॅकट्रेस, म्हणजे पडताना चालू असलेल्या फंक्शन्सची साखळी) झडप घालतात. आधी 'लॉग', म्हणजे कर्नलचे संदेश, वाचा. बॅकट्रेसमध्ये 'रेड०_मेक_रिक्वेस्ट' दिसलं म्हणून रेड-० चा कोड दोषी ठरत नाही. डिस्कवरचं जवळजवळ प्रत्येक वाचन-लेखन तिथूनच जातं. लॉगमध्ये त्याच्या वर एटीएची लिंक रीसेट झाल्याच्या ओळी असतील तर केबल, पॉवर किंवा डिस्क तपासा. काहीच नसेल आणि बिघडलेला पॉइंटर योग्य पत्त्यापेक्षा एकाच बिटने वेगळा असेल, तर रॅमवर संशय घ्या आणि रात्रभर मेमटेस्ट चालवा. 'टेंटेड' या कर्नलवरच्या शिक्क्यासमोर 'पी' किंवा 'ओ' असेल तर बाहेरचं मॉड्यूल, बहुधा ग्राफिक्सचं, काढून पुन्हा बघा. 'मोड -एस' दिलं नाही तर मॉड्यूलमधली स्ट्रक्चर्स उलगडत नाहीत, हे विसरायला होतं.

मशीन पडत नाही, नुसतं लटकतं, तेव्हा केडम्प आपणहून जागा होत नाही. त्यासाठी 'हंग_टास्क_पॅनिक' १ करा. मग १२० सेकंद अडकलेल्या प्रोसेसवर कर्नल स्वतःहून पॅनिक होतो, म्हणजे मुद्दाम कोसळतो. डम्पमध्ये 'फोरईच यूएन बीटी'ने अडकलेल्या सगळ्या प्रोसेस आणि 'डेव्ह -डी'ने कोणत्या डिस्कवर विनंत्या तुंबल्यात ते दिसतं. चारातली एकच डिस्क तुंबलेली असणं, हे स्ट्राइपमधलं ओळखीचं दृश्य.

इथे एक चुकीचा सल्ला फार फिरतो: डिस्कची एरर रिकव्हरी (खराब सेक्टर वाचायचे प्रयत्न) ७ सेकंदांवर आणा. मिरर असेल तर बरोबर, कारण दुसरी प्रत हाताशी असते. रेड-० मध्ये दुसरी प्रतच नाही, त्यामुळे डिस्कला झगडू द्यायला हवं. साधी डिस्क खराब सेक्टरवर दोन-दोन मिनिटं प्रयत्न करते आणि कर्नलचा संयम ३० सेकंदांत संपतो. तेव्हा प्रत्येक डिस्कचा टाइमआउट १८० करा. आणि स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्कने स्वतः ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदीत, ५, १९७, १९८ (खराब सेक्टर) यांच्याबरोबर १९९ (डेटा पाठवतानाच्या चुका) बघा; हा वाढत असेल तर चूक डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर आहे. समुद्राजवळच्या खोलीत, एसी बंद असलेल्या पावसाळ्यात, कनेक्टर काढून नीट बसवणं आणि केबल बदलणं आधी, डिस्क बदलणं नंतर.

डिस्कच्या संचाची अवस्था दाखवणाऱ्या 'एमडीस्टॅट'वर फार भिस्त ठेवू नका. मिररसारखे डिस्कच्या तब्येतीचे कंस तो रेड-० साठी दाखवतच नाही. कर्नल ५.४ पासून डिस्क गायब झाली तर अ‍ॅरेची अवस्था 'ब्रोकन' होते. त्याआधीच्या कर्नलवर अ‍ॅरे धडधाकट असल्याचा आव आणतो.

एका जागी मात्र केडम्प हात टेकतो: बूटच होत नसेल तेव्हा. दुसरा कर्नल सर्व्हिस सुरू झाल्यावर लोड होतो, त्याआधीच्या पॅनिकला साक्षीदार नाही. तिथे सिरियल कन्सोल, नाहीतर मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो. 'रूट फाइलसिस्टिम माउंट होत नाही' असं दिसलं तर इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीची छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) रेड-० मॉड्यूल आहे का बघा. वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क जोडल्या असतील तर आणखी एक भानगड: ३.१४ मध्ये अशा अ‍ॅरेची मांडणी नकळत बदलली होती. म्हणून ५.४ पासून कर्नल अंदाज न बांधता जोडणी नाकारतो आणि 'डिफॉल्ट_लेआउट' विचारतो. ३.१४ च्या आधीच्या कर्नलवर लिहिलेल्या अ‍ॅरेला १, नंतरच्याला २. चुकीचा आकडा देऊन त्यावर लिहिलं तर डेटा गेला, म्हणून आधी फक्त-वाचन जोडून फाइल तपासा.

शेवटची कटकट पॅकेजची. पडलेल्या कर्नलच्या नेमक्या त्याच बिल्डची डीबग चिन्हं (पत्त्यांवरून फंक्शनची नावं सांगणारी माहिती) लागतात. शेवटचा आकडा जरी वेगळा असला तरी 'क्रॅश' फाइल उघडायला नकार देतो. ती डाउनलोड जड असते, म्हणून कर्नल अपडेट करतानाच उतरवून ठेवा. शिवाय ५.१० मध्ये कर्नलच्या लॉगची आतली रचना बदलली, त्यामुळे जुन्या 'क्रॅश'मध्ये नेमका 'लॉग'च उघडत नाही. हत्यारही कर्नलबरोबर अपडेट करत राहा.