ट्रेस इलियट एल्फ आणि एक दहा इंची कॅबिनेट : पावसाळ्यापासूनचा अनुभव

पावसाळ्याआधी एल्फ, म्हणजे बेस गिटारचं छोटं ॲम्प हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) घेतलं, आता लग्नसराई तोंडावर आली आहे. मधल्या काळात गणपतीचे मंडप, नवरात्र, जॅमरूम, कॅफेतले छोटे कार्यक्रम, सगळीकडे हेच नेलं.

हेडचं वजन पाऊण किलोच्या आत. गिटारच्या गिगबॅगच्या पुढच्या कप्प्यात ट्यूनरशेजारी मावतं. क्लास-डी सर्किट आणि स्विचिंग पॉवर सप्लाय असल्यामुळे जुन्या ॲम्पमधला अवजड ट्रान्सफॉर्मरच यात नाही. सोबत निओडिमियम चुंबकाचा स्पीकर असलेलं ८ ओहमचं (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत विरोध) कॅबिनेट, साधारण दहा किलोचं. दुपारच्या स्लो लोकलने ठाणं-दादर आरामात होतं. गर्दीच्या वेळी मात्र सरळ लगेजचा डबा गाठावा.

आता वॅटबद्दल, कारण सगळे आधी तेच विचारतात. २०० वॅट मिळतात ते ४ ओहमला. ८ ओहमच्या एका कॅबिनेटवर १३०. हे ऐकून बरेच जण नाक मुरडतात. पण वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, म्हणजे १३० आणि २०० मधला फरक दोन डेसिबलसुद्धा नाही. खरा फरक पडतो तसंच दुसरं कॅबिनेट जोडल्यावर. दोन्ही मिळून ४ ओहम होतात, ॲम्प पूर्ण ताकद देतो आणि हवा ढकलणारा स्पीकरचा कोनही (पडदाही) दुप्पट होतो. मित्राचं कॅबिनेट जोडून वाजवलं, तेव्हा ढोलकी आणि ऑक्टापॅडच्या गलक्यातही बेस छातीत जाणवला.

एकट्या कॅबिनेटवर सेटिंग वेगळं लागतं. बेसच्या सर्वात जाड ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. छोटा स्पीकर तो पूर्ण देत नाही. ८२ हर्ट्झ आणि त्यावरचे स्वर कानाला मिळतात, त्यावरून आपल्याला खालचा सूर जाणवतो. म्हणून मी बेसचं बटण मध्यावर ठेवतो आणि मिड (मधले स्वर) थोडा चढवतो. घरी एकट्याने वाजवताना हा टोन नाकातला वाटतो, पण ढोलकीची धूम सुरू झाली की बेसचा प्रत्येक सूर स्वच्छ कळतो. नुसता बेस वाढवत गेलात तर कोन फडफडतो, ऐकू मात्र जास्त काही येत नाही.

मंडपात हा सगळा संच मी स्वतःला ऐकू यावं एवढ्यासाठीच वापरतो. ॲम्पच्या मागच्या डीआयमधून (मिक्सरला थेट जोडायच्या आउटपुटमधून) लाइन मिक्सरला जाते, लोकांना बेस पीएमधून (मंडपाच्या मोठ्या स्पीकरमधून) मिळतो. कॅबिनेट खुर्चीवर, किंचित मागे कलतं, तोंड कानाकडे असं ठेवा. अर्ध्या व्हॉल्यूमवर भागतं. बोर्डाला अर्थिंग नसलं की गुणगुण येते, ती घालवायला प्लगची तिसरी पिन कधीही कापू नका, जिवावर बेतेल. आणि हेड-कॅबिनेटच्या मध्ये स्पीकर केबलच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी आतली तार बारीक असते.

पाच तारांच्या बेसवर मेटल किंवा रेगे वाजवत असाल, ड्रमर दणकट असेल आणि बेस पीएमध्ये जात नसेल, तर हा संच घेऊ नका. खालची बी तार ३१ हर्ट्झची, तिला मोठं कॅबिनेट आणि ५०० वॅटचं हेडच हवं. बाकीच्यांनी बजेटचा मोठा वाटा कॅबिनेटवर घालवावा. मीही मोठं हेड बघत नाहीये, याच मॉडेलचं दुसरं कॅबिनेट शोधतोय. कोन शाबूत असेल तर सेकंडहँडही चालेल.