लागोसमध्ये दोन सिम, दहा महिने

नोव्हेंबर 2024 मध्ये नोकरीसाठी नायजेरियातल्या लागोसला आलो. राहायला इलुपेजू, जिथे भारतीय कुटुंबं बरीच आहेत. पहिल्याच दिवशी सहकाऱ्याने बजावलं, "एका सिमवर राहू नका." तेव्हापासून फोनमध्ये दोन कंपन्यांची दोन सिम आहेत. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण माझ्या गल्लीत ज्याची रेंज चांगली, ते तुमच्या गल्लीत बंद असू शकतं. सिम घ्यायला आधी एनआयएन लागतो, म्हणजे इथला आधार नंबरच. तो हातात पडेपर्यंत मी दुसऱ्यांच्या हॉटस्पॉटवर दिवस काढले.

दराचं आधी सांगतो. आलो तेव्हा महिन्याला साधारण 10,000 नायरांत माझं सगळं भागायचं. जानेवारी 2025 मध्ये इथल्या दूरसंचार आयोगाने, एनसीसीने, कंपन्यांना 50 टक्क्यांपर्यंत दर वाढवायला परवानगी दिली. कंपन्यांनी 100 टक्के मागितले होते. 2013 नंतरची ही पहिली वाढ. आता तेवढ्याच वापराला मला 15,000 च्या आसपास लागतात. एका कंपनीने तर आठवड्याचा 15 जीबीचा पॅक 2,000 वरून थेट 6,000 नायरांवर नेला आणि लोक भडकल्यावर जाहीर माफी मागितली.

कंपन्यांची अडचण खोटी नाही. आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे एक टॉवर आहे. लाइट गेली की पाच-दहा सेकंदांत त्याचा जनरेटर धडधडायला लागतो आणि लाइट दिवसातून कितीदा जाते याची गणतीच नाही. ते सगळं डिझेलवर. यंत्रं डॉलरमध्ये घ्यायची आणि जो डॉलर 2023 च्या मध्यापर्यंत 470 नायरांच्या आसपास होता, तो मी आलो तोवर 1,500 च्या पुढे गेला होता. हे सगळं मान्य. पण दर वाढले त्या महिन्यात रेंज सुधारली का? माझ्याकडे तरी नाही.

मला खरी चिंता वाटते ती स्पर्धेची. आमच्या स्टोअरमधले एक ज्येष्ठ सहकारी 2001 पासूनचा मोबाइलचा काळ सांगतात. त्या वर्षी प्रत्येकी 28.5 कोटी डॉलरला परवाने विकले गेले. मिनिटाला 50 नायरा पडायचे आणि दहा सेकंद बोललात तरी पूर्ण मिनिट कापलं जायचं. सेकंदावर आकारणी इतक्यात जमणार नाही, असं कंपन्या सांगत होत्या. ऑगस्ट 2003 मध्ये ग्लो ही नवी कंपनी आली ती पहिल्या दिवसापासून सेकंदाचाच हिशोब घेऊन, आणि जे जमणार नव्हतं ते सगळ्यांना जमलं! आपल्याकडे सेकंदाला एक पैसा गाजला तो टाटा डोकोमोमुळे, 2009 मध्ये. म्हणजे हा देश आपल्या सहा वर्षं पुढे होता. आज निम्म्याहून जास्त ग्राहक एमटीएनकडे आणि तिसरा हिस्सा एअरटेलकडे आहे. ग्लोसारखा धक्का देणारा कुणी दिसत नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय 2013 पासून आहे, पण दोघांचे दर एकाच वेळी चढले तर बदलून जायचं कुठे?

एक वाईट अनुभव. मार्चमध्ये एका सिममधून रोज 100 नायरा जायला लागले. न मागितलेली कसलीतरी 'सेवा' चालू झाली होती. हेल्पलाइनवर दोनदा फोन केले, काही झालं नाही. शेवटी कोपऱ्यावर छत्रीखाली रिचार्ज कार्ड विकणाऱ्या बाईने माझा फोन हातात घेतला आणि 2442 वर 'स्टॉप' असा मेसेज पाठवला. जाहिराती त्याच दिवशी थांबल्या, कपातही थांबली. गेलेले पैसे मात्र आले नाहीत.

सगळ्या कंपन्यांचे कोड 2023 पासून एकच आहेत, हे मला फार सोयीचं पडलं: शिल्लक बघायला *310#, डेटा घ्यायला *312#. महिन्याचा मोठा पॅक मी एकाच सिमवर घेतो, दुसऱ्यावर फक्त बोलण्यापुरता बॅलन्स ठेवतो. रविवारी दुपारी बाराला, पुण्यात साडेचार वाजलेले असतात तेव्हा, आईला व्हिडिओ कॉल करतो. गेल्या चार रविवारांत दोनदा मध्येच दुसऱ्या सिमवर जावं लागलं. छत्रीवाल्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "नेटवर्क नो डे." रेंजच नाही.