छातीदाबाची खोली मोजणारा पक: सहा महिन्यांचा वापर आणि गादीचा घोळ

पक म्हणजे सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून देतात ते उपचार) देताना हात आणि छाती यांच्यामध्ये ठेवायची, दाब किती खोल गेला ते दाखवणारी छोटी चकती. सहा महिने हा पक वॉर्डात आणि सरावाच्या मॅनिकिनवर (पुतळ्यावर), दोन्हीकडे वापरात आहे. बीप, स्क्रीन, बॅटरी यांबद्दल कुरकुर नाही. तक्रार एकच, पण मोठी: गादी.

आतला अ‍ॅक्सेलरोमीटर (हालचाल टिपणारा सेन्सर) मोजतो ती हाताची हालचाल. मॅनिकिन जमिनीवर असेल तर हात जेवढा खाली जातो तेवढीच छाती दबते, म्हणून आकडा बरोबर येतो. पलंगावर छातीखालची गादीही दबते आणि पक तीही छातीच्याच खात्यात धरतो. स्क्रीनवर ५.५ सेंमी दिसले आणि त्यातले १.५ गादीचे असले, तर छाती दबली फक्त ४. वर ‘योग्य खोली’ची खूण लागलेली, त्यामुळे दाबणारा आणखी जोर लावायला जात नाही. जीव वाचवायला हातात घेतलेल्या उपकरणात ही चूक खपवून घेण्यासारखी नाही, आणि माहितीपुस्तिकेत ती एका ओळीत उरकली आहे याचा जास्त राग येतो.

पहिल्या महिन्यात मत स्पष्ट होतं: परत करा. ते बदललं स्क्रीन झाकून केलेल्या सरावाने. एकाने दाब द्यायचा, दुसऱ्याने शेजारी उभं राहून खोली सांगायची, मग आकडा उघडायचा. अनुभवी मंडळीही चुकतात, आणि दाबणारा व पाहणारा दोघेही चुकतात. प्रौढांसाठी किमान ५ सेंमी आणि ६ च्या वर नाही, म्हणजे सगळा खेळ एका सेंटीमीटरचा. बँकेच्या कार्डाची आखूड बाजू ५.४ सेंमी असते. ती मॅनिकिनशेजारी उभी धरली की आपला अंदाज कुठे घसरतो ते लगेच कळतं.

दाबणाऱ्याला जाणवतो तो जोर. ताठ छातीला तोच जोर कमी दाबतो, मऊ छातीला ६ च्या पलीकडे नेतो. बरगड्या मोडल्यावर एकाच रुग्णाची छाती मध्येच सैल होते. पाहणाऱ्याला खांदे हलताना दिसतात. कोपर वाकलं की हालचाल मोठी दिसते, खोली मात्र कमी होते. वेग मिनिटाला १२० दाबांच्या पुढे गेला की दाब जोमदार वाटतात आणि उथळ होत जातात. शिवाय २००५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनचं लक्ष्य ४ ते ५ सेंमी होतं. किमान ५ झालं २०१० मध्ये, ६ ची मर्यादा आली २०१५ मध्ये. जुन्या बॅचच्या हातांत अजून जुनाच आकडा बसलेला आहे.

थकवा तर दाबणाऱ्याला सगळ्यात उशिरा कळतो. मिनिटभरातच खोली घसरू लागते, आणि ‘मी ठीक आहे’ हे उत्तर तेव्हाही मनापासूनच येतं. इथे पक खरोखर कामाचा आहे. गादीमुळे आकडा फुगलेला असला तरी उतरता आलेख खोटं बोलत नाही. म्हणून आता सल्ला असा: पलंगावर एकेका आकड्यापेक्षा घसरण बघा आणि २ मिनिटांनी माणूस बदलाच, आलेख उतरला तर त्याआधी.

एअर मॅट्रेस असेल तर सीपीआरसाठी गादीतली हवा झटकन सोडणारा झडप-खटका आधी ओढा, हवा जाऊ द्या. पाठीखाली कडक बोर्ड असला तर फरक कमी होतो, संपत नाही; बोर्ड माणूस बदलताना सरकवा, आणि १० सेकंदांत बसत नसेल तर सोडून द्या. दाब थांबवून बोर्ड लावण्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त.

अजून एक उणीव. दोन दाबांच्या मध्ये छातीवर रेलून राहिलं तर या पकला ते नीट कळत नाही, त्यासाठी जोर मोजणारा सेन्सर लागतो. छाती पूर्ण वर आली का, हे टीम लीडरने बाजूने, छातीच्या उंचीवर डोळे आणून पाहावं.

पुढच्या खरेदीत छातीवर एक आणि पाठीखाली एक असे दोन सेन्सर असलेलंच उपकरण मागा. दोन्हींतला फरक काढला की गादी हिशेबातून जाते.