कॉर्सिकाच्या किनाऱ्याने यॉट : वाशीच्या कार्यालयाची आखणी, कागद चोख आणि मार्ग कच्चा

वाशीतील एका सल्लागार कार्यालयामार्फत आम्ही ठाण्यातील दोन कुटुंबांनी मे महिन्याच्या अखेरीस खलाशांसह भाड्याची यॉट घेऊन कॉर्सिका या फ्रेंच बेटाच्या किनाऱ्याने आठवडाभर प्रवास केला. हा अभिप्राय त्या प्रवासापेक्षा त्याच्या आखणीविषयी आहे. करार, कर, परदेशी पैसे पाठवणे आणि व्हिसा या बाबतींत या कार्यालयाचे काम चोख आहे. समुद्रातील मार्ग मात्र त्यांनी आखू नये, आखायचाच असेल तर नौकेच्या कप्तानाशी बोलून आखावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

भूमध्य समुद्रातील हंगाम ढोबळमानाने मे ते ऑक्टोबर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये भाडे सर्वांत चढे असते आणि बंदरात धक्क्याला जागा मिळणे कठीण होते, म्हणून युरोपातील दलाल सहसा सप्टेंबर सुचवतात. तेव्हा पाणी उबदार असते आणि गर्दी ओसरलेली असते. आमचे काम पाहणाऱ्या बाईंनी मात्र तारखांचा विषय निघताच पहिला प्रश्न विचारला तो, ‘गणपती दीड दिवसाचे की गौरींबरोबर जाणारे?’ सप्टेंबर त्याच क्षणी बाद झाला, जूनच्या मध्याला शाळा सुरू होत असल्याने तोही गेला आणि मेअखेर ठरली. त्या दिवसांत पाणी गार असेल, मुले फार वेळ पोहणार नाहीत, हे त्यांनी आगाऊ सांगितले होते आणि ते तसेच निघाले. अशा व्यावसायिक यॉटवर साधारणतः बाराच पाहुणे घेता येतात, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले, त्यामुळे यादीत मागाहून शिरू पाहणाऱ्या एका मावसभावाला वेळीच थांबवता आले.

या सेवेचे खरे मोल पैशांच्या हिशेबात आहे. जाहिरातीत दिसते ते फक्त नौका आणि खलाशी यांचे आठवड्याचे भाडे. त्यावर फ्रान्समध्ये २० टक्के मूल्यवर्धित कर लागतो. शेजारच्या सार्डिनियातून, म्हणजे इटलीतून, नौकेवर चढल्यास तो २२ टक्के होतो. याखेरीज भाड्याच्या साधारण २५ ते ३५ टक्के रक्कम कप्तानाकडे खर्चासाठी आगाऊ ठेवावी लागते, तिला या धंद्यात ‘एपीए’ म्हणतात. इंधन, किराणा, पेये आणि बंदराचे शुल्क या निधीतून जाते, शेवटी पावत्यांसह हिशेब मिळतो आणि उरलेले पैसे परत येतात. खलाशांची बक्षिसी वेगळी. म्हणजे भाडे एक लाख युरो असेल, तर कर २० हजार, आगाऊ निधी ३० हजार धरून आकडा दीड लाख होतो, आणि तरीही बक्षिसी व विमानभाडे बाकीच असते. कार्यालयाने हा सगळा तक्ता पहिल्याच बैठकीत एका पानावर मांडून दिला. ‘मायबा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नमुना कराराचे एकेक कलम त्यांनी मराठीत समजावले: सहीच्या वेळी निम्मे पैसे, उरलेले निम्मे आणि आगाऊ निधी साधारण महिनाभर आधी, आणि आपण रद्द केल्यास नेमके काय बुडते. माझे सासरे बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनाही त्या बैठकीत खोडून काढण्यासारखे काही सापडले नाही, हे मी विशेष मानतो.

बँकेतून युरो पाठवताना लागणारा ए-२ फॉर्म, दर माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, पाठवलेल्या पैशांवर बँक गोळा करते तो आणि पुढे विवरणपत्रात वळता होणारा टीसीएस हा कर, शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा, ही सर्व कामे बिनबोभाट झाली.

जेवणाच्या आवडीनिवडींचा तक्ता नौकेवरील आचाऱ्याकडे आधी पाठवला जातो. त्यात ‘शाकाहारी’ एवढेच न लिहिता मासे नाहीत, मांसाच्या रसातील सूप नाही, केकमधले अंडे एकाला चालते आणि दुसऱ्याला नाही, गुरुवारी एका काकूंचा उपास, असे माणसागणिक लिहून घेतले गेले. परिणामी काकूंसमोर गुरुवारी उकडलेले बटाटे, दही आणि फळे वेळेवर आली, आणि बाकीच्यांना बेटावरचे ब्रोच्चू नावाचे ताजे चीज भरलेले पदार्थ पोटभर मिळाले.

आता मार्गाविषयी. कार्यालयाने सात दिवसांत बेटाची संपूर्ण प्रदक्षिणा आखली होती आणि प्रत्येक रात्रीपुढे मुक्कामाचे नाव छापले होते. नकाशावर ते देखणे दिसते. परंतु कॉर्सिका दक्षिणोत्तर सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. पश्चिम किनारा आखातांनी चिरलेला असून पूर्व किनारा बराचसा सरळ, वाळूचा आणि आसऱ्याच्या जागा कमी असलेला आहे. प्रदक्षिणेच्या हट्टापायी रोज कित्येक तास नुसती नौका हाकत राहायचे, आगाऊ निधीतले इंधन जाळायचे आणि त्यातले दोन दिवस त्या सपाट किनाऱ्यावर घालवायचे, यात काय शहाणपण आहे ते मला कळले नाही. दिवाळे कोळीवाड्यातला कोणताही तांडेल आधी वारा विचारतो; इथे वाऱ्याचा रकानाच नव्हता.

कॉर्सिकाच्या आजाक्सिओ बंदरात नौकेवर चढताच कप्तानाने तो कागद अतिशय सौजन्याने बाजूला ठेवला. आठवड्याच्या मध्याला नैर्ऋत्येचा ‘लिबेच्चो’ वारा येणार होता, म्हणून समुद्र शांत असेतो तो आम्हांला उत्तरेकडे घेऊन गेला. तिथे स्कान्दोलाचे तांबडे कडे सरळ पाण्यात उतरतात. पोर्तोच्या आखातासह हा भाग १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आमच्या आखणीत इथे रात्रीचा मुक्काम लिहिला होता, प्रत्यक्षात या अभयारण्यात रात्री थांबण्यास मनाई आहे. ती रात्र आम्ही जवळच्या जिरोलाता गावासमोर काढली. त्या गावाला मोटारीचा रस्ता नाही, पायवाटेने किंवा होडीनेच जाता येते. वारा चढण्याआधी दक्षिणेला येऊन आम्ही बोनिफासिओच्या चुनखडीच्या कड्यांमधल्या अरुंद, चहूबाजूंनी सुरक्षित खाडीत शिरलो. मूळ आखणीनुसार त्या दिवशी आम्ही लावेझी बेटांपाशी उघड्यावर नांगर टाकून असायला हवे होते. त्याच खडकांवर १८५५ मध्ये ‘सेमियांत’ ही फ्रेंच युद्धनौका वादळात फुटून सुमारे ७०० माणसे गेली होती, ही माहितीही कप्तानाकडून मिळाली.

दुसरी चूक नौकेच्या लांबीची. आमची यॉट २७ मीटरची होती. समुद्रतळावरचे पोसिडोनिया हे गवत नांगराने उपटले जाते आणि ते अत्यंत सावकाश वाढते, म्हणून फ्रान्सने २०१९ नंतर २४ मीटर व त्याहून लांब नौकांना अशा गवतावर नांगर टाकण्यास बंदी घातली आहे. बोनिफासिओजवळच्या सांतामान्झा आखातातला आमचा छापील मुक्काम त्यामुळे गळाला. २४ मीटरच्या आतली नौका घेतली असती, तर भाडे कमी आणि खाड्या अधिक मिळाल्या असत्या. हे करारापूर्वी सांगणे कार्यालयाचे काम होते. परतल्यावर मी तक्रार मांडली तेव्हा त्यांनी ती ऐकून घेतली, सल्ल्याच्या शुल्कातील काही भाग परत केला आणि पुढील ग्राहकांना करारापूर्वी कप्तानाशी व्हिडिओवर बोलता येईल असे सांगितले. जे त्यांच्याकडे जातील त्यांनी हे बोलणे पदरात पाडून घ्यावे आणि सहीपूर्वी नौकेची लांबी विचारावी.

कार्यालयाजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे लोकलने गेलेले बरे. ठाण्यातील ग्राहकांकडे ते शनिवारी घरीही येतात. मात्र त्यासाठी आधी वेळ ठरवावी लागते.