बारीक टायर की जाड टायर? बडोद्यात रोज सायकल चालवणाऱ्यांसाठी

माझ्या भाचीला मांजलपूरहून सयाजीगंजला कॉलेजात सायकलने जायचंय. दुकानात तिला दोन सायकली आवडल्या. एकीचे टायर २८ मिलिमीटरचे, दुसरीचे १.९५ इंच, म्हणजे जवळजवळ ५० मिलिमीटर. "मामा, कुठली घेऊ?" माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या सायकली आहेत, म्हणून हा हिशोब तिला कागदावर मांडून दिला.

स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरा. बारीक टायरमध्ये ८० पाउंड हवा (म्हणजे दर चौरस इंचाला ८० पाउंड दाब) भरली, तर आतला दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ५.६ किलो होतो. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. तेव्हा ८० किलो पेलायला दोन्ही चाकं मिळून रस्त्याला जेमतेम १४ चौरस सेंटीमीटर टेकतात, एका काडेपेटीएवढी जागा! जाड टायरमध्ये ४० पाउंड हवा असेल तर २८ चौरस सेंटीमीटर, म्हणजे दोन काडेपेट्या. टायरचं रबर स्वतःही थोडा भार घेतं, पण ढोबळ हिशोब हाच. खात्री करायची असेल तर टायर ओलं करा, वर्तमानपत्रावर सायकल ठेवून कुणाला तरी बसवा आणि ठसा मोजा.

इथे बहुतेकांची गल्लत होते. जाड टायर रुंद असतं म्हणून जास्त टेकतं, असं वाटतं. दोन्हींत सारखीच हवा असेल तर टेकणारी जागाही जवळपास सारखीच राहते, फक्त आकार बदलतो: बारीक टायरचा ठसा लांबट, जाड टायरचा आखूड आणि रुंद. जाड टायरची खरी सोय ही की त्यात कमी हवा ठेवून चालवता येतं. बारीक टायरमध्ये हवा कमी केलीत की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. माझी सकाळ अशी दोनदा वाया गेली आहे.

आता रस्ता. बडोदं सपाट, त्यामुळे गुळगुळीत डांबरावर बारीक टायर फार सुखाचं. रविवारी पहाटे पावागडच्या दिशेने निघायचं असेल तर मी तेच निवडेन. पण मांडवीच्या गर्दीत, खोदून ठेवलेल्या रस्त्यावर किंवा पावसाळ्यात गणित उलटतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर ओसरल्यावर रस्त्यांवर गाळ राहिला होता. मऊ गाळ ५.६ किलोचा दाब सोसत नाही, चाक रुततं. २.८ किलोला तोच गाळ पुष्कळदा तग धरतो.

काट्यांच्या बाबतीत मात्र जाड टायरकडून फार अपेक्षा नको. इथल्या 'गांडो बावळ'च्या, म्हणजे वेड्या बाभळीच्या काट्याचं टोक इतकं सूक्ष्म असतं की थोड्याशा भारानेही तिथे प्रचंड दाब येतो. दोन्ही टायर पंक्चर होतात. फरक पडतो तो रबराच्या जाडीने.

हवा भरण्याचंही बघा. बारीक टायरला पुष्कळदा प्रेस्टा वॉल्व्ह (हवा भरायचं बारीक, लांबट तोंड) असतो, तो पेट्रोल पंपाच्या नळीला बसत नाही. छोटं पितळी अडॅप्टर खिशात ठेवावं लागतं. शिवाय ट्यूब लहान असल्याने हवा लवकर उतरते, आठवड्यातून एकदा तरी पंप हातात घ्यावाच लागतो.

सीटचा विचार थोडक्यात: रुंद, मऊ सीट अर्ध्या तासाला छान. लांबच्या फेरीला बसण्याच्या दोन हाडांना नीट आधार देणारी, थोडी कडक सीटच बरी.

भाचीला मी जाड टायरची सायकल घ्यायला सांगितली आहे. रोजचा रस्ता, पुस्तकांचं ओझं आणि चार महिने पाऊस, यांपुढे पाच मिनिटं लवकर पोचण्याला मी महत्त्व देत नाही. पुढच्या चाकात ४० पाउंड, मागच्यात ४५, कारण साठेक टक्के भार मागेच पडतो. बॅग कॅरियरवर बांधली तर मागे आणखी दोन-तीन पाउंड, आणि टायरच्या कडेला छापलेल्या आकड्याच्या वर कधीच नाही.