पल्सर १५० आणि साताऱ्याचे घाट: सुई कुठे ठेवायची

बजाजच्या पल्सर १५० ची चर्चा ॲव्हरेज आणि पिकअपवर सुरू होते आणि तिथंच संपते. साताऱ्यात ही गाडी वापरायची तर त्याहून कामाची गोष्ट मीटरमध्ये आहे, ती म्हणजे आरपीएमची (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याची) सुई. हा रिव्ह्यू सुईचा मीटर असलेल्या बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) मॉडेलचा आहे आणि मुद्दाम त्या सुईभोवतीच लिहिला आहे. "घाटात दम लागतो", "चेन खडखडते", "क्लच लवकर जातो" या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा चुकीच्या गिअरमध्ये सापडतं.

आधी आकडे. इंजिन १४९.५ सीसी, ५ गिअर, वजन १४८ किलो. ताकद १४ पीएस, ८५०० आरपीएमला. टॉर्क १३.२५ न्यूटन-मीटर, ६५०० आरपीएमला. साताऱ्याच्या माणसाने यातला शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. इंजिनाची खेचण्याची ताकद सगळ्यात जास्त ६५०० ला मिळते, ३००० ला नाही. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ला २७ न्यूटन-मीटर ४००० लाच मिळतात, त्यामुळे ती वरच्या गिअरमध्ये निवांत चढते. अशा बुलेटवरून पल्सरवर आलेला माणूस तीच सवय घेऊन येतो आणि मग गाडीत जीव नाही म्हणतो.

समर्थ मंदिर सोडून यवतेश्वरच्या घाटाला लागलं की फरक लगेच कळतो. डबलसीट, मागे बॅग, चौथा गिअर आणि वेग ३५ च्या आसपास. थ्रॉटल पूर्ण पिळला तरी वेग वाढत नाही, हँडलमध्ये जाड, संथ धडधड येते, चेन खालच्या बाजूने झटके देते. गाडी घुसमटली ती हीच. इथे थ्रॉटल आणखी पिळून काही मिळत नाही, गिअर पाडायचा, म्हणजे खालचा गिअर घ्यायचा. चढाला सुई ४५०० ते ६५०० च्या मध्ये राहील असा गिअर धरा. यवतेश्वरला डबलसीट म्हणजे बहुतेक ठिकाणी तिसरा आणि अरुंद वळणाला दुसरा. पसरणी घाटातही हाच हिशोब. वळणाचा गिअर वळणाच्या आधी पाडून घ्यायचा. वळणात गाडी कललेली असताना गिअर पाडला आणि क्लच झटक्यात सोडला, तर मागचं चाक क्षणभर अडखळतं. पावसाळ्यात कास रस्त्यावर चिखल वाहून आलेला असतो, तिथे चाक सरकायला तेवढंच पुरतं.

पाडण्याची पद्धत अशी: थ्रॉटल बंद करून क्लच दाबा, गिअर खाली घ्या, क्लच सोडता सोडता थ्रॉटलला हलकी रेस द्या, सुई हजारभर चढेल इतकीच. खालच्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. ती तफावत रेसने भरून काढली नाही तर चाक, चेन आणि क्लचप्लेट मिळून भरून काढतात, म्हणजे तेवढी झीज होते.

कमी आरपीएमला ओढत राहिल्याने नुकसान का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. सुई २५०० वर आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असेल, तर प्रत्येक स्फोटाचा दाब पिस्टनवर जास्त वेळ राहतो. बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ होतो, कारण इंजिन हळू फिरतं तसा ऑइलपंपही हळू फिरतो. भरीला गाडी एअरकूल्ड, म्हणजे वाऱ्यानेच थंड होणारी, आणि वेग कमी, त्यामुळे वाराही लागत नाही. इंजिन तापतं, टकटक ऐकू येते आणि ज्या पेट्रोलसाठी वरचा गिअर धरला होता तेही वाचत नाही. उलट ७५०० च्या वर पिळत राहण्यातही अर्थ नाही. हँडल आणि फूटरेस्टमध्ये मुंग्या येण्याइतका कंप जाणवतो, आणि ६५०० नंतर टॉर्क उतरायला लागलेला असतो. ओव्हरटेकपुरतं ठीक.

उतारावर सगळ्यात वाईट सवय म्हणजे न्यूट्रल. पेट्रोल वाचतं ही समजूत या इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीला लागू नाही: गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण बंद असताना इंजिनाला पेट्रोल जवळपास थांबतं, न्यूट्रलमध्ये आयडलिंगला मात्र जात राहतं. सज्जनगड किंवा ठोसेघरहून परतताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सगळा भार ब्रेकवर टाकला तर सिंगल डिस्क मॉडेलचा (फक्त पुढे डिस्क ब्रेक असलेल्या) मागचा ड्रम ब्रेक तापतो, पेडल पूर्वीपेक्षा जास्त दाबावं लागतं आणि लायनरचा जळका वास येतो. असा वास आला की बाजूला थांबून ड्रम निवू द्यावा. पाणी ओतू नये.

पोवई नाका, राजवाडा या गर्दीत दुसरा-तिसरा गिअर आणि ३५०० ते ४५०० पुरे. हायवेला टॉपमध्ये, म्हणजे पाचव्या गिअरमध्ये, ६० च्या वेगाला सुई ५००० च्या जवळपास असते. गाडी सर्वांत समाधानी तिथेच वाटते. पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलात की टॉपचा हट्ट सोडून वेळेत चौथा घ्या. उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर तिसरा, आणि समोरचं स्वच्छ दिसल्याशिवाय बाहेर काढू नका.

गिअरबॉक्सबद्दल एक इशारा स्प्लेंडरवाल्यांना. स्प्लेंडरला पुढे दाबलं की गिअर वाढतो. पल्सरला पहिला खाली आणि बाकीचे चार वर. गडबडीत जुन्या सवयीने पाय दाबला तर वेगात गिअर पडतो आणि सुई एकदम उडी मारते. पहिले आठ-दहा दिवस रिकाम्या रस्त्यावर पाय बसवून घ्या.

गिअर घट्ट पडत असतील तर बॉक्सला दोष देण्याआधी क्लचची मोकळी चाल बघा, लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिलिमीटर हवी. चाल जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही. चाल अजिबात नसेल तर प्लेटा कायम अर्धवट घसरत राहतात. ऑइल २० डब्ल्यू ५० (हा ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड) आणि डब्यावर जासो एमए (बाइकच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलंच घ्यावं. कारचं ऑइल स्वस्त पडलं तरी टाकू नये, कारण या गाडीचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी प्लेटा घसरतात.

सेकंडहँड पल्सर बघायला गेलात तर सपाट रस्त्यावर चक्कर मारून व्यवहार करू नका. मालकाला मागे बसवून चढाला न्या, तिसऱ्या गिअरमध्ये ४००० वर सुई स्थिर करा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. सुई आणि वेग एकत्र चढले तर क्लच चांगला आहे. सुई सरसर ६००० ला गेली आणि वेगाचा आकडा जागचा हलला नाही, तर आधी केबलची चाल तपासा. ती बरोबर असेल तर प्लेटा संपल्यात, तो खर्च किमतीतून कमी करून घ्या.